मणक्याचं ऑपरेशन करून घरी आलात? पहिले सहा आठवडे असे काढा

माझी एल फाइव्ह एस वनची गादी, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची डिस्क, सरकलेली, उजव्या पायात कुल्ल्यापासून टाचेपर्यंत नुसती कळ, चार महिने गोळ्या, फिजिओ, इंजेक्शन सगळं करून झालं आणि शेवटी मायक्रोडिसेक्टमी झाली, म्हणजे पाठीत छोटा छेद देऊन नसेवर दाबणारा गादीचा तुकडा काढतात ती. दुसऱ्या दिवशी घरी. हातात एक कागद दिलेला, त्यावर तीन ओळी, वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा. घरी येऊन आडवी झाले आणि अर्ध्या तासात बाथरूमला जायची वेळ आली, तेव्हा कळलं की बेडवरून उठायचं कसं हेच कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. जे स्वतः केलं, चुकले, फिजिओला विचारून विचारून शिकले ते सगळं क्रमाने सांगते. ऑपरेशनं वेगवेगळी असतात, कुणाची डिसेक्टमी, कुणाची लॅमिनेक्टमी म्हणजे नसेला जागा करायला हाड कोरतात ती, कुणाचं स्क्रू आणि रॉड घालून दोन मणके एकत्र जोडायचं फ्यूजन, तेव्हा तुमच्या सर्जनने यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण सगळी गडबड तिथेच होते. दुखायचं थांबलं म्हणजे आतून भरून आलं असं नसतं. पायातली कळ कधीकधी शुद्धीवर आल्याआल्याच गेलेली असते, टाके दोन आठवड्यांत निघतात, पण गादीच्या बाहेरच्या कवचाला जी फट पडलेली असते ती भरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि ती फट भरत असताना दुखतच नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं झालं सगळं. पहिले सहा आठवडे कॅलेंडर बघून वागायचं, आज बरं वाटतंय म्हणून नाही.

ऑपरेशनच्या आधीच घर लावून ठेवा

हे आधी करायचं काम आहे, नंतर तुम्ही कपाट उघडून खालचा खण बघूही शकणार नाही. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. चार्जर, गोळ्या, पाण्याची बाटली, टॉवेल, रोजचे कपडे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही असेल तर ते वरती. जमिनीवरच्या वायरी, सुटी पायपुसणी, गालिचे उचला, कारण पाय थोडा बधिर असतो, अडखळायला होतं आणि पडणं हे सगळ्यात वाईट.

बेड फार खाली नको. काठावर बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत. जमिनीवरच्या गादीवर झोपायची सवय असेल तर निदान दीड-दोन महिने ती सोडा. खुर्ची हातांची, घट्ट बैठकीची. सोफा नको, सोफ्यात माणूस रुततो आणि उठताना पाठ गोल होते. कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते ती आणा, शेजारी धरायला दांडा असला तर उत्तम. उकिडवं बसणं बंदच आहे असं धरून चाला.

लांब दांड्याचा चिमटा मिळतो, वस्तू उचलायचा, खटका दाबला की पकडतो. आधी मला हसू आलं होतं त्याचं, मग सहा आठवडे तो माझा तिसरा हात होता. पाय सरकवून घालता येतील अशा चपला किंवा बूट, पण मागून टाच धरणारे. घरात सटकणाऱ्या स्लिपर नकोत.

घरात लहान मूल असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की उचलून घेणार नाही, तू खुर्चीपाशी येऊन शेजारी चढून बस. कुत्रा असेल तर फिरवायला दुसरं कुणीतरी, पट्ट्याचा एक हिसका पुरतो. आणि पहिले तीन-चार दिवस, शक्यतो आठवडाभर, घरात दुसरं मोठं माणूस हवंच.

घरी येतानाची गाडी

पुढची सीट, पाठ थोडी मागे कललेली. सीटवर एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी पसरा. आधी सीटकडे पाठ करून, पाय बाहेरच ठेवून बसायचं, मग दोन्ही पाय आणि खांदे एकत्र आत वळवायचे, पिशवीमुळे अंग घसरत वळतं, पीळ बसत नाही. बसल्यावर पिशवी काढून टाका म्हणजे ब्रेक लागला तर घसरणार नाही. प्रवास लांबचा असेल तर दर अर्ध्या तासाने थांबून उतरून दोन मिनिटं चाला. निघण्याआधी दुखण्याची गोळी कधी घेतली आणि पुढची कधी हे विचारून घ्या, मी विसरले आणि शेवटची वीस मिनिटं प्रत्येक खड्डा मोजला.

बेडवरून उठायचं कसं, हे नीट वाचा

याला फिजिओ लॉग रोल म्हणतात, म्हणजे लाकडाचा ओंडका लोळवतात तसं अख्खं अंग एकदम वळवायचं. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच चार दिवस सराव करा, नंतर दुखत असताना शिकणं कठीण जातं.

उताणे असाल तर आधी एकेक करून दोन्ही गुडघे दुमडा, तळपाय गादीवर. पोट हलकं आवळा. आता खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी एका कुशीवर, मध्ये कुठेही पीळ नाही. बेडच्या काठाजवळ या. मग दोन्ही पाय काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या बाजूचं कोपर आणि वरच्या हाताचा पंजा गादीवर रेटून अंग वर उचलायचं. पाय खाली जातात त्या वजनाने धड वर येतं, तराजूसारखं. बसल्यावर लगेच उभं राहू नका, अर्धा-एक मिनिट बसा, गोळ्यांनी चक्कर येते. उठताना काठाकडे सरकायचं, पाय किंचित मागे घ्यायचे आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं, पुढे ओणवं होऊन नाही.

आडवं होताना हेच उलटं. आधी काठावर बसा, कोपरावर कुशीला टेका, पाय वर घ्या, मग सगळं अंग एकदम वळवून उताणे.

झोपताना उताणे असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, म्हणजे वरचा पाय खाली पडून कंबर पिळली जात नाही. पालथं नको. जखमेवर उताणं झोपलं तर चालतं का हा प्रश्न मी तीनदा विचारला, चालतं. रात्री कूस बदलताना झोपेत पटकन वळलं जातं आणि चमक भरते, घाबरू नका, एकदा तसं झालं म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं होत नाही.

गोळ्या, आणि गोळ्यांमुळे अडलेलं पोट

पहिले काही दिवस दुखण्याची गोळी दुखायची वाट बघून घेऊ नका, दिलेल्या वेळेवर घ्या. एकदा दुखणं चढलं की मग गोळी लागू पडायला वेळ लागतो, तुम्ही हालचाल टाळता, त्याने अंग आखडतं, आणखी दुखतं. वहीत किंवा फोनमध्ये वेळ लिहून ठेवा, कारण गुंगीत आठवत नाही घेतली की नाही. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर अजिबात जाऊ द्यायचं नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा त्याहूनही कमी असते, ती विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा की सर्दीच्या आणि दुखण्याच्या बऱ्याच मिक्स गोळ्यांमध्येही ते असतंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे घरात पडलेली असतात म्हणून स्वतःहून सुरू करू नका, फ्यूजनवाल्यांना तर ती बऱ्याचदा मुद्दाम बंद ठेवतात कारण हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो. प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन, म्हणजे नसेच्या दुखण्याची गोळी, चालू असेल तर बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं. रक्त पातळ करायची गोळी आधीपासून असेल तर ती परत कधी सुरू करायची हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या. दारू या सगळ्याबरोबर नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते. ट्रॅमाडॉल, कोडीन अशा जोरदार गोळ्यांनी पोट साफ होत नाही. भूल, पडून राहणं, कमी खाणंपिणं याची त्यात भर. माझं चौथ्या दिवसापर्यंत काहीच नाही आणि मग कमोडवर बसून जोर लावला तेव्हा पाठीत जी सणक गेली ती ऑपरेशनपेक्षा जास्त लक्षात आहे. जोर लावणं हा मणक्यावर सरळ दाब आहे. तेव्हा जोरदार गोळी सुरू झाली त्याच दिवशी पोट साफ व्हायचं औषध विचारून सुरू करा, वाट बघू नका. भरपूर पाणी, फायबर असलेलं खाणं, आणि चालणं. तिसऱ्या दिवसापर्यंत काही झालं नाही तर फोन करा, लाजायचं काय त्यात, त्यांना रोज असे फोन येतात.

धुताना पुसताना मागे वळून हात नेणं म्हणजे पीळच. जेट स्प्रे किंवा ओले वाइप्स वापरा, आणि हात पुढून किंवा बाजूने, कमरेतून न वळता.

बर्फाने बरं वाटतं, कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, ड्रेसिंग ओलं होऊ न देता. ताज्या जखमेवर गरम शेक नको.

टाके आणि आंघोळ

वरचे टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. आंघोळ कधीपासून हे सर्जन सांगतील, पाणी न शिरणारं ड्रेसिंग असेल तर बऱ्याच जणांना दोन-चार दिवसांत उभ्याने शॉवर चालतो. टबमध्ये बसणं, पोहणं हे जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. चोळायचं नाही, टिपायचं. त्यावर तेल, पावडर, घरातलं कुठलंही मलम लावायचं नाही.

जखम पाठीत, आपल्याला दिसत नाही. रोज एकाच वेळी घरातल्या कुणाकडून तरी फोनवर फोटो काढून घ्या. काल आणि आजचा शेजारी ठेवला की लाली वाढतेय का कमी होतेय हे कळतं, आणि शंका आली तर डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी.

केस धुताना बेसिनवर ओणवं होऊ नका, शॉवरखाली उभ्यानेच. दात घासताना बेसिनवर वाकून थुंकायचं नाही, हातात ग्लास धरा आणि त्यात. तोंड ओल्या रुमालाने पुसा. हसू येईल पण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा आपण वाकतो ते बेसिनवरच.

वाकणं, उचलणं, पिळणं

कागदावरच्या तीन ओळींचा खरा अर्थ इथे आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक जर्मन प्रयोग आहे, त्यात ४५ वर्षांच्या एका माणसाच्या कमरेच्या चांगल्या गादीत सेन्सर घालून वेगवेगळ्या स्थितीत आतला दाब मोजला होता. उभं असताना दाब ५ धरला तर उताणं झोपल्यावर तो १ होतो, उभ्याने पुढे वाकलं की ११, आणि २० किलो वजन पाठ गोल करून उचललं की २३. गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून तेच वजन उचललं तर १७. हे एका माणसाचे आकडे आहेत, पण अंदाज येतो ना, नुसतं हातात काही नसताना वाकलं तरी दुप्पट होतो दाब.

वजनाचं पहिल्या सहा आठवड्यांत साधारण दोन-तीन किलो हे धरून चालतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशोब सोपा आहे, दोन लिटरची भरलेली बाटली ही तुमची हद्द आणि अर्धी बादलीसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे. जे उचलाल ते अंगाला चिकटवून, हात लांब करून नाही. ओढणं-ढकलणं पण यातच येतं, जड दार, जाम झालेला ड्रॉवर, भरलेली ट्रॉली.

पीळ सगळ्यात चोरटा. मागून कुणी हाक मारली की आपण मान आणि कंबर वळवतो. आता पाय उचलून अख्खं अंग वळवायचं. झाडू, मॉप, व्हॅक्यूम यात वाकणं आणि पीळ दोन्ही आहे, त्यामुळे ते तर अजिबात नाही, भले तुम्हाला घाण दिसत असेल. बायकांसाठी एक, ब्राचे हुक मागे हात नेऊन लावू नका, पुढून लावून फिरवा किंवा पुढे हुक असलेली घ्या. पँट, मोजे घालायला पहिले दिवस दुसऱ्याची मदत घ्या, किंवा बसून चिमट्याने.

शिंक! हिच्याबद्दल कुणीच सावध करत नाही. शिंक येतेय असं वाटलं की उभे असाल तर एक हात भिंतीला, गुडघे थोडे सैल, पाठ सरळ, बसले असाल तर पोटाशी उशी घट्ट धरा. पुढे झुकून जोरात शिंकायचं नाही. खोकल्यालाही तेच.

चालायचं किती, बसायचं किती

आराम म्हणजे पडून राहणं नाही. पहिल्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं, दर तास-दोन तासांनी. रोज दोन-तीन मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्यापर्यंत एका वेळी वीस ते तीस मिनिटं सपाट जमिनीवर जमायला हरकत नाही. एकदम एक मोठा फेरफटका मारण्यापेक्षा दिवसात चार-पाच छोटे बरे. दुसऱ्या दिवशी पायात कळ वाढली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि एक पायरी मागे. पडलेले असाल तेव्हा घोट्यातून पंजे वर-खाली करत राहा, तासाला दहा-वीस वेळा, पोटऱ्यांमधलं रक्त फिरतं राहतं.

जिना चालतो, कठडा धरून, एकेक पायरी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

बसणं मात्र घड्याळ लावून. पहिले दोन आठवडे एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, मग उठायचं. जेवण, फोन, टीव्ही सगळं धरून. पाठ टेकून बसलात तर फारसा दाब नाही, त्रास आहे तो पुढे झुकून बसण्याचा आणि एकाच जागी तासभर राहण्याचा. मांडी घालून जमिनीवर नको. बेडमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणं हे सगळ्यात वाईट आसन आहे आणि सगळे तेच करतात, मी पण केलं. फोन डोळ्यांच्या उंचीला धरा.

कमरेचा पट्टा दिला असेल तर किती तास आणि किती आठवडे हे स्पष्ट विचारा. मायक्रोडिसेक्टमीला बरेच सर्जन देतच नाहीत. दिला नसेल तर स्वतः आणून बांधू नका.

हे झालं तर थांबू नका

हे लिहून फ्रिजवर लावा, घरातल्या सगळ्यांना दाखवा.

- लघवी अडली, किंवा लघवी-शी न कळता होतेय, बसायच्या जागेला किंवा गुप्तांगाभोवती बधिर झालंय, दोन्ही पायांतली ताकद जातेय. सरळ इमर्जन्सीत, रात्रीचे दोन असले तरी, सकाळची वाट नाही. नसांच्या जुडग्यावर दाब येत असेल तर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.
- अचानक धाप लागणं, छातीत दुखणं. हेही इमर्जन्सी.
- एका पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा, चोळू नका.
- पाऊल नव्याने लुळं पडलं, पंजा उचलला जात नाही. त्याच दिवशी.
- ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणं, जखम लाल, गरम, पू, वास, टाका उसवणं.
- जखमेतून पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी झिरपतंय, किंवा उठून बसलं की डोकं प्रचंड दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. मणक्याभोवतीच्या आवरणातून द्रव गळत असण्याची शक्यता असते, आडवे व्हा आणि फोन करा.

बाकी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पायात जुनी कळ थोडी परत आली म्हणून बरेच जण हादरतात. भुलीचा आणि ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या औषधांचा असर उतरतो, आतली सूज असते, नस चिडलेली असते. ती दिवसागणिक कमी होत असेल तर ठीक. वाढतच गेली किंवा आधीपेक्षा जास्त झाली तर कळवा.

दुसरा-तिसरा आठवडा फसवा

टाके निघाले, जोरदार गोळ्या थांबल्या, पाय मोकळा. मी अठराव्या दिवशी एकदम खुशीत होते आणि जमिनीवर पडलेला चार्जर उचलायला पटकन वाकले. चिमटा दोन फुटांवर होता. काही मोडलं नाही, पण पुढचे चार दिवस पायात कळ आणि मनात नुसती भीती, परत स्कॅन, परत टेबल. सर्जनने तपासलं आणि म्हणाले नस चिडलीय फक्त, नशीब. त्याच जागेची गादी परत बाहेर येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ५ ते १० टक्के दिसतं, म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण होत नाही असंही नाही.

हेही खरं की काही सर्जन डिसेक्टमीनंतर फारशी बंधनं घालतच नाहीत, लवकर सगळं करू देतात आणि त्याला आधार देणारे अभ्यास आहेत. त्यामुळे ओळखीतला कुणी दोन आठवड्यांत कामाला लागला म्हणून आपण मागे पडलो असं समजू नका आणि त्याच्याही मागे लागू नका की तू चुकतोयस. त्याचं ऑपरेशन वेगळं, डॉक्टर वेगळे.

मुंग्या आणि बधिरपणा जायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. साधारण आधी कळ जाते, मग ताकद येते, मग स्पर्श, आणि कधी थोडा बधिरपणा राहूनही जातो. दाबून खराब झालेला नसेचा धागा पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला तीन सेंटीमीटर, आता कंबर ते पायाची करंगळी अंतर बघा. दर सकाळी करंगळीला चिमटे काढून बघण्यात अर्थ नाही, महिन्यातून एकदा बघा.

चिडचिड, रडू, उगाच निराशा हे पण होतं. भूल, गोळ्या, मोडलेली झोप आणि दिवसभर दुसऱ्यावर अवलंबून राहणं. दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, फक्त पाठीचंच सांगायचं असतं असं नाही. शरीरसंबंध कधीपासून हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सगळ्यांना पडलेला असतो, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी, ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने उताणं किंवा कुशीवर, आणि दुखलं की थांबायचं. फ्यूजन असेल तर विचारूनच.

फ्यूजन झालं असेल तर

वरचं सगळं लागू, फक्त वेळ कितीतरी जास्त. स्क्रू आणि रॉड हे तात्पुरते टेकू आहेत, खरं काम दोन मणक्यांमध्ये हाड जुळण्याचं, त्याला तीन ते सहा महिने सहज लागतात, कधी वर्षही. स्क्रू आहेत म्हणजे आपण भक्कम झालो असं समजून वजन उचललं तर हाड जुळायच्या आधी स्क्रूच सैल होऊ शकतात. सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद, निकोटिनने हाड जुळत नाही हे अनेकदा दिसलेलं आहे आणि निकोटिनच्या गोळ्या, पॅचबद्दलही आधी सर्जनला विचारा. खाण्यात प्रोटीन पुरेसं हवं, डी व्हिटॅमिन कमी असेल तर तपासून घ्या.

गाडी, ऑफिस, आणि भीती काढणं

गाडी चालवायला तीन अटी: गुंगीच्या गोळ्या पूर्ण बंद, अर्धा तास न दुखता बसता येतं, आणि अचानक जोरात ब्रेक दाबता येतो. उजवा पाय कमजोर असेल तर ही तिसरी अट बंद गाडीत बसून तपासा. साधारण दोन ते सहा आठवडे. बाइकला हादरे बसतात, त्यामुळे ती त्याच्याही नंतर.

बसून करायचं काम डिसेक्टमीनंतर बऱ्याचदा दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं, फ्यूजननंतर सहा ते बारा आठवडे, अंगमेहनतीचं काम तीन महिने किंवा त्याहून जास्त. पहिला आठवडा अर्धा दिवस मागून घ्या, आणि ऑफिसमध्ये आधीच सांगा की मी दर वीस मिनिटांनी उठणार आहे, नाहीतर मीटिंगमध्ये लाजेने दोन तास बसून राहाल आणि संध्याकाळी भोगाल.

फिजिओ कधी सुरू करायचं हे सर्जन ठरवतात, बहुतेक दोन ते सहा आठवड्यांच्या मध्ये. आधी पोट आवळून धरणं, कुल्ल्याचे स्नायू, मग हळूहळू उभ्याने. इंटरनेटवर बघून पाठीचे व्यायाम सुरू करू नका आणि पोटासाठीचे, उताणं पडून धड उचलायचे क्रंच तर नकोच.

आणि फॉलोअपला जाताना हा प्रश्न लिहूनच न्या: कुठलं बंधन कोणत्या तारखेला संपतं? हे कुणी आपणहून सांगत नाही. मी सातव्या आठवड्यात फिजिओकडे गेले, तो म्हणाला खुर्चीवर हात टेकून थोडं पुढे वाका. मला घाम फुटला. दीड महिना वाकायचं नाही वाकायचं नाही घोकलेलं, आता अंगच ऐकेना, पाठ लाकडासारखी धरून उभी. तो म्हणाला असं खूप जणांचं होतं, आणि वेळ झाल्यावरही न वाकणारे मग वर्षभर ताठच चालतात आणि त्यानेच दुखतं. त्या दिवशी हातभर वाकले, पुढच्या आठवड्यात गुडघ्यांपर्यंत हात गेले, तिसऱ्या महिन्यात मोजे स्वतःचे स्वतः. चिमटा अजून आहे घरात, पलंगाखाली गेलेल्या वस्तू काढायला घरातले सगळेच वापरतात.